भागाकार कितीनं करायचा?

माझं घर पेणला आणि शाळा रोहा तालुक्यातल्या एका वाडीवर. सकाळी दिवा-रोहा गाडी पकडायची, कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरायचं, मिनीडोरनं फाट्यापर्यंत जायचं आणि पुढचं चालत. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, आम्ही दोन शिक्षक, पटावर २३ मुलं. बहुतेक कातकरी घरांतली.

हा लेख मुलांच्या हातात टॅब द्यावा की नाही, याबद्दल नाही. त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलून माझं झालं आहे. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. एखादं साधन माझं काम हलकं करतं, तेव्हा ते माझी जबाबदारीही हलकी करतं का? आणि तसं होत असेल, तर ते मला वेळेवर कळतं का? मला कळलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी शाळेला देणगीतून सहा टॅब मिळाले. त्याआधी काहीच नव्हतं असं नाही. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड होते, दीक्षा ॲप होतं. पुस्तकांना कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला होता. त्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यामुळे खेड्यातल्या शाळेला तंत्रज्ञान झेपत नाही, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

टॅब आल्यावर मी सुट्टीच्या दिवशी घरी बसून एकेक ॲप उघडून पाहायचे. बरीचशी पाच मिनिटांत बाद झाली. काही इंटरनेटशिवाय चालायची नाहीत, काही सारखी जाहिरात दाखवायची, काही मुलाचा फोटो आणि जन्मतारीख मागायची. काहींमधला आवाज इतक्या शहरी मराठीत बोलायचा की पहिलीतली मुलं माझ्याकडे वळून बघायची. घरी ती कातकरी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी आधीच एक पायरी वर, ही त्याच्याही वरची.

शेवटी दोन गोष्टी टिकल्या. एक, वाचनाचा सराव घेणारं आणि मूल कुठवर आलं याची नोंद ठेवणारं ॲप. दुसरी, टॅबमधला साधा आवाज रेकॉर्डर. मुलं नदीतल्या माशांची, रानातल्या कंदांची नावं आपल्या बोलीत रेकॉर्ड करायची, मग तेच शब्द आम्ही फळ्यावर लिहायचो. वर्गात तोंड न उघडणारं मूल स्वतःचा आवाज ऐकून पुन्हा बोलायला तयार व्हायचं. हे मला टॅबशिवाय जमलं नसतं.

शिवाय मी पेणची. आमच्या गल्लीत वर्षभर गणपतीचे साचे भरले जातात. साच्यामुळे एका कारखान्यातून हजारो मूर्ती निघतात आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. डोळ्यांची आखणी मात्र कुणा जाणत्या कारागिराच्या हातानं होते. वर्गाचंही तसंच, असं मला वाटायचं. सराव साच्याकडे सोपवायचा, मुलाकडे बघायचं काम आपल्याकडे ठेवायचं. विचार बरोबर होता. मी त्याप्रमाणे वागले का, एवढाच प्रश्न आहे.

दिवाळी झाली आणि ९ मुलं गेली. दरवर्षीच जातात. भात कापून झालं की वाडीवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कधी ती आजारपणात संपलेली असते, कधी लग्नात. मग हंगामभर विटा थापून ती फेडायची, आठवड्याला खर्ची मिळते त्यात खायचं. मागं सांभाळायला कुणी नसतं, म्हणून मुलंही सोबत जातात.

ऑक्टोबरात आमच्या २३ पैकी ११ मुलं परिच्छेद वाचत होती, म्हणजे ४८ टक्के. डिसेंबरात ॲपनं ७१ टक्के दाखवले. वर जाणारा हिरवा बाण. मी स्क्रीनशॉट काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली.

रात्री भाकऱ्या करताना सहज हिशेब केला. गेलेल्या ९ मुलांत परिच्छेद वाचणारं एकच होतं. उरली १४, त्यांत वाचणारी १०. दहा भागिले चौदा. म्हणजे दोन महिन्यांत एकही नवीन मूल वाचायला लागलं नव्हतं. महिनाभर लॉगिन न केलेल्या मुलांना ॲप ‘निष्क्रिय’ समजून हिशेबातून बाजूला ठेवत होतं, इतकंच. ॲप खोटं बोललं नव्हतं. सर्वांत कमी वाचणारी मुलं भट्टीवर गेल्यामुळे माझा वर्ग हुशार झाला होता.

त्या मुलांना वगळा, असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आकडा आवडला, तेव्हा हा भागाकार कितीनं केला आहे हे मी विचारलंही नव्हतं.

मला अपराधी वाटलं आणि मी त्यावर उपायही फोनवरच शोधला. एका मुकादमाचा नंबर मिळवला. पाच कुटुंबं त्याच्याबरोबर होती. मी रोज संध्याकाळी छोटा व्हिडिओ करून त्याला पाठवायला लागले. एक गोष्ट, चार शब्द, दोन गणितं. त्याला म्हटलं, “दादा, पोरांना दाखवा हं.” तो म्हणाला, “दाखवतो की बाई.” थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा यायच्या. त्या दिसल्या की मला झोप चांगली लागायची. महिन्याच्या अहवालात मी लिहिलं: ‘स्थलांतरित विद्यार्थ्यांना ऑनलाइन मार्गदर्शन सुरू.’

जानेवारीत बोलता बोलता मी त्याला भट्टी कुठे आहे ते विचारलं. तो म्हणाला, “पेण सोडलं की कासूच्या अलीकडे, रुळाला लागूनच.”

त्या भट्टीवरून मी रोज दोनदा जात होते. खिडकीतून धूर दिसायचा. मी फोनवरून ज्या मुलांपर्यंत पोचायचा प्रयत्न करत होते, ती माझ्या शाळेपेक्षा माझ्या घराला जवळ होती.

शनिवारी सकाळची शाळा असते. येताना कासूला उतरले. तिसरीतली एक मुलगी होती, तिचं नाव इथं लिहीत नाही. सुकायला मांडलेल्या विटा ती एकेक करून उलटत होती आणि धाकट्या भावाला जवळ बसवलं होतं. व्हिडिओ बघितलेस का, असं विचारलं तर तिला कळेना मी कशाबद्दल बोलते आहे. मुकादम प्रामाणिकपणे म्हणाला, “बाई, मी उघडतो ना रोज. पण पोरं तेव्हा झोपलेली असतात.” निळ्या खुणा त्याच्या होत्या.

हमी पत्रकाबद्दल तिच्या आईला विचारलं. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून आपण शिक्षण हमी पत्रक देतो, मूल काय काय शिकलं आहे हे त्यावर लिहिलेलं असतं. दिवाळीआधी मी सगळ्यांना ते दिलं होतं आणि सही-अंगठे घेतले होते. आईनं कपड्यांच्या गाठोड्यातून ते काढून दाखवलं. घडीही मोडली नव्हती. “कुणाला द्यायचं ते सांगितलं नव्हतंत बाई,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

मुलगी मात्र म्हणाली, “तुमची गाडी इथून जाते, मला माहीत आहे.”

त्या दिवसापासून मी स्वतःला विचारते आहे की माझं नेमकं काय चुकलं. व्हिडिओ पाठवणं वाईट होतं का? नाही. मुकादमाच्या फोनवर अवलंबून राहणं मूर्खपणाचं होतं, पण तेही मुख्य नाही. मुख्य हे की व्हिडिओ पाठवल्यामुळे माझ्या मनातली टोचणी थांबली. व्हिडिओ नसता तर ती टोचत राहिली असती आणि कदाचित मी आधीच कासूला उतरले असते. साधनानं मुलीची गैरसोय तसूभर कमी केली नाही. माझी अस्वस्थता तेवढी कमी केली.

मोठ्या प्रमाणावरही असं घडलेलं आहे. २००५ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ अशी जागतिक योजना जाहीर झाली. पेरू देशानं आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ साली तिथल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं संगणक जास्त वापरत होती, पण गणितात आणि भाषेत त्यांचे गुण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बंगळुरूमध्ये अनेक वर्षं असे प्रकल्प करणारे संशोधक केंटारो टोयामा पुढे अशा निष्कर्षाला आले की तंत्रज्ञान ध्वनिवर्धकासारखं असतं: माणसांमध्ये आणि संस्थांमध्ये जे आधीपासून आहे तेच ते वाढवतं. मला हे पटतं, कारण माझ्यात दोन्ही होतं. मुलाला बोलतं करायची हौस होती, रेकॉर्डरनं ती वाढवली. गेलेल्या मुलांना विसरायची सवयही होती, ॲपनं ती वाढवली.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचं आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीनं, आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. मुलं गुरं घेऊन जिथं जातील तिथं शाळा जायची. तेव्हाही शाळा मुलापर्यंत पोचवण्याचाच प्रश्न होता. त्यांचं उत्तर आणि माझं उत्तर यांत फरक एवढाच की त्यांच्या साधनाबरोबर माणूस चालत गेला. माझं साधन माझ्याऐवजी गेलं.

तुम्ही म्हणाल, एका शिक्षिकेनं भट्ट्या हिंडत बसायचं का? रास्त आक्षेप आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत मी बाहेर गेले तर उरलेल्या १४ मुलांचं काय? आणि ज्या उचलीपायी आईबाप जातात ती मी फेडू शकत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हटलं आहे. म्हणजे ओझं एकट्या माझं नाही. पण ते माझं अजिबात नाही, असंही मला म्हणता येत नाही. आणि ‘शिक्षण कुठूनही घेता येतं’ हे वाक्य मला आता घाबरवतं. शहरातल्या मुलासाठी ती सोय आहे. भट्टीवरच्या मुलीसाठी त्याचा अर्थ ‘तू तिथंच राहा’ असा होऊ शकतो.

पुढे काय झालं ते सांगते. भट्टीपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर शाळा होती. तिथल्या गुरुजींना भेटले, हमी पत्रकं दिली. पाचपैकी तीन मुलं जायला लागली. या वेळी टॅब कामाला आला. मी तिन्ही मुलांचं वाचन रेकॉर्ड करून गुरुजींना ऐकवलं, म्हणजे त्यांना पुन्हा ‘अ’पासून बसवलं जाणार नाही. आठवड्यातून एकदा आम्ही दोघं फोनवर बोलायचो, तीन मुलांबद्दल, दहा मिनिटं. माझ्या मते आजवर मी केलेला तो सर्वांत उपयोगी डिजिटल उपक्रम आहे आणि अहवालात त्यासाठी रकाना नाही.

ती मुलगी मात्र गेली नाही. धाकट्या भावाला कुठे ठेवायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जूनमध्ये ती परत आली तेव्हा जोडाक्षरं विसरली होती.

नवीन साधन पाहताना आता मी स्वतःला एकच गोष्ट विचारते. हे वापरल्यावर मला मूल जास्त दिसेल, की ते न दिसल्याचं मला वाटेनासं होईल? पहिलं असेल तर घ्यायचं. दुसरं असेल तर ते फुकट मिळालं तरी महाग आहे.

ॲप मी बंद केलेलं नाही. ते अजूनही गेलेल्या मुलांना वगळूनच टक्केवारी देतं. त्याच्याशेजारी वहीत मी माझा भागाकार मांडते, पूर्ण पटानं. त्या वर्षी मार्चमध्ये परिच्छेद वाचणारी मुलं १२ झाली होती. बारा भागिले तेवीस, म्हणजे ५२ टक्के. ग्रुपवर मी तोच आकडा टाकला. कुणीतरी विचारलं, “मॅडम, डिसेंबरात ७१ होते ना, कमी कसे झाले?”

मी लिहिलं, “तेव्हा नऊ मुलं मोजायची राहिली होती.”