नवे घड्याळ दाखवावे काय?

मनुष्यास एखादी नवी वस्तू मिळाली म्हणजे ती कोणास तरी दाखविल्यावाचून त्यास चैन पडत नाही. लहान मूल नवा सदरा घालून चार घरे हिंडून येते. शेतकरी बाजारातून नवी बैलजोडी आणितो, तेव्हा घराकडची जवळची वाट सोडून भर गावातल्या रस्त्याने येतो. हा मनुष्यस्वभावच होय, आणि तो अगदीच टाकाऊ आहे असे आम्हांस वाटत नाही. अलीकडे हा स्वभाव मनगटी घड्याळाच्या बाबतीत विशेषेकरून दृष्टीस पडतो. मोठ्या शहरांत घड्याळांच्या शौकिनांचे मेळेच जमले आहेत. कोणी नवे घेतलेले, तर कोणी जुन्या बाजारातून शोधून आणिलेले घड्याळ मनगटावर बांधतो, त्याचे छायाचित्र काढितो व आपल्या सोबत्यांस धाडितो. आणि ते सर्व त्याची वाखाणणी करितात. प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेल्या आमच्या कोल्हारासारख्या गावांतही मोबाईलमुळे ही चाल आली आहे. घड्याळ हातात पडून तास झाला नाही तोच त्याचे चित्र साऱ्या नातलगांच्या हाती पोहोचलेले असते.

ह्यात चांगले काय व वाईट काय, हा प्रश्न कित्येकांस क्षुल्लक वाटेल. परंतु ह्या लहान प्रश्नाच्या पोटी एक मोठा प्रश्न दडला आहे. आपला आनंद दुसऱ्यास वाटून देणे आणि आपली वस्तू दुसऱ्यापुढे मिरविणे, ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. मग त्यांतला भेद कोठे आहे? वाचकहो, आज आपण ह्याचा शांतपणे विचार करू.

प्रथम ह्या शौकिनांविषयी न्यायाने बोलले पाहिजे. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एच. एम. टी., ह्या सरकारी कंपनीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढिला. तेथे झालेले 'जनता' नावाचे साधे, किल्लीचे घड्याळ पुढे लक्षावधी शिक्षक, कारकून, तलाठी व कामगार ह्यांच्या मनगटांवर दिसू लागले. नंतर विजेऱ्यावर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली. 1984 साली स्थापन झालेल्या टायटन कंपनीने लोकांची आवड पालटून टाकिली, आणि शेवटी 2016 साली एच. एम. टी. चा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. त्या काळी अनेक घरांत ती जुनी घड्याळे पेटीच्या तळाशी निपचित पडली होती. शौकिनांनी ती बाहेर काढविली, साफ करविली, आणि पुनः चालती केली.

अशा घड्याळाच्या पोटात डोकावून पाहिले म्हणजे मन खरोखर थक्क होते. केसाएवढी बारीक कमान उलगडते व मिटते. तिच्या संगतीने एक लहानसे चक्र दर सेकंदास पाच ठोके, म्हणजे तासास 18,000 ठोके देते. वर्षानुवर्षे हे काम अखंड चालते. अशी वस्तू पाहून 'केवढे हे कौशल्य!' असे ज्याच्या तोंडून निघते, तो वस्तूचा नव्हे, तर ती घडविणाऱ्या अनोळखी हातांचा गौरव करितो. ही स्तुती योग्यच होय.

शिवाय जाणते शौकीन एकमेकांस पुष्कळ उपयोगाची माहिती देतात. मुंबईच्या जुन्या बाजारांत कित्येक घड्याळांवर तबकडी नव्याने रंगवून ती अस्सल म्हणून विकितात. ज्याने छायाचित्र पाहून अक्षरांचे वळण कसे ओळखावे, आतले यंत्र कोणते असावे, हे शिकून घेतले, त्याचे पैसे वाचतात. येथे दाखविणाऱ्याने पाहणाऱ्यास काही तरी दिले. ह्यावरून आम्हांस पहिली खूण सापडते ती अशी: जे दाखविल्याने पाहणारा काही घेऊन घरी जातो, ते वाटणे होय.

आता दुसरी बाजू पाहू. घड्याळांच्या जाहिरातींत काटे बहुतकरून दहा वाजून दहा मिनिटांवर असतात, हे वाचकांनी पाहिलेच असेल. त्या ठिकाणी काटे दोन्ही बाजूंस सारखे पसरतात आणि मधले कंपनीचे नाव झाकले जात नाही, हे त्याचे कारण. हौशी लोकही हीच रीत उचलितात. मग दुपारचे तीन वाजलेले असोत की रात्रीचे आठ, चित्रासाठी काटे फिरवून दहा-दहावर आणितात, आणि सेकंदकाटा हलू नये म्हणून कित्येक घड्याळांची किल्ली बाहेर ओढून ती थांबवितात. म्हणजे जे घड्याळ उत्तम दिसावे म्हणून एवढा खटाटोप, ते त्या क्षणी वेळ सांगतच नाही. चित्र काढणारास ह्यात दोष देण्याचे कारण नाही. ती त्या कलेची रीत आहे. परंतु त्यात आम्हांस एक बोध दिसतो. वस्तू केवळ दिसण्यासाठी झाली म्हणजे तिचे काम थांबते.

कोणी म्हणेल, 'वेळ तर मोबाईलही सांगतो. घड्याळ आता शोभेसाठीच आहे.' ह्यात बरेच तथ्य आहे. किंबहुना भारी किमतीचे किल्लीचे घड्याळ दिवसाकाठी काही सेकंद मागेपुढे होते, आणि स्वस्तातले क्वार्ट्झ घड्याळ त्याहून अधिक अचूक चालते. तेव्हा मोठी किंमत वेळेसाठी दिलेली नसते, हे उघड आहे. ती कारागिरीसाठी दिली असेल, वडिलांच्या आठवणीसाठी दिली असेल, अथवा शेजाऱ्याने मान वळवून पाहावे म्हणूनही दिली असेल. ह्यांपैकी कशासाठी दिली, हे ज्याचे त्यानेच आपल्या मनास विचारावे.

परंतु ह्याहून खोल विचार असा की, घड्याळ ही मुळी एकट्याची वस्तूच नव्हे. समजा, साऱ्या पृथ्वीवर एकच मनुष्य आहे व त्याच्याजवळ एकच घड्याळ आहे. त्यात सहा वाजले काय आणि नऊ वाजले काय, त्यास दोन्ही सारखेच. दुसऱ्याच्या घड्याळाशी मेळ असतो, म्हणून आपल्या घड्याळास अर्थ येतो. पूर्वी आपल्याकडे घटिकापात्र पाण्यात सोडून वेळ मोजीत. दिवसरात्रीच्या साठ घटका, आणि एक घटका चोवीस मिनिटांची. लग्नाच्या मांडवात ते पात्र बुडण्याची वाट वधूवरांकडील सर्व मंडळी मिळून पाहत असत. ते पात्र कोणा एकाचे नव्हे, तर साऱ्या मांडवाचे असे. पुढे 1906 साली सगळ्या हिंदुस्थानास एकच प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईकरांनी आपली निराळी, 39 मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' कित्येक ठिकाणी 1955 पर्यंत चालविली. एकाच शहरात दोन वेळा असल्याने कोणाचे घड्याळ खरे मानावे, हा घोळ वर्षानुवर्षे चालला. तो मिटला तो कोणी अधिक सुंदर घड्याळ आणिल्यामुळे नव्हे, तर सर्वांनी एका वेळेस मान्यता दिल्यामुळे.

घड्याळ पुरुषांच्या मनगटावर आले तेही ह्याच कारणाने. 1914 पूर्वी युरोपात मनगटी घड्याळ हा बहुधा बायकांचा दागिना समजला जाई. पुरुष ते खिशात ठेवीत. महायुद्धात खंदकांतील शिपायांस ठरल्या क्षणी सर्वांबरोबर निघावयाचे असे आणि खिशात हात घालावयास सवड नसे, म्हणून घड्याळ मनगटावर चढले. एच. एम. टी. ने अंधांसाठीही एक घड्याळ काढिले होते. त्याची काच उघडून बोटांनी काटे चाचपावयाचे आणि वेळ जाणावयाची. त्याच्या धन्यास ते कसे दिसते हे कधीच कळले नाही, तरी त्याने त्यास ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी नेले.

तर मग घड्याळ दाखविण्याची उत्तम रीत कोणती? आमच्या मते, वेळेवर येणे. ज्याने सातला येतो म्हणून सांगितले व जो सातला दारात उभा राहिला, त्याने आपले घड्याळ खरे दाखविले. रात्री ज्या वेळी पंपास वीज यावयाची, त्या वेळी बांधावर हजर राहणारा शेतकरी आणि पाळी सुटण्याची वाट पाहणाऱ्या सोबत्यास एक मिनिटही न खोळंबविता कामावर जाणारा साखर कारखान्याचा कामगार, ह्यांच्या मनगटावर पट्टा फाटका असेल. पण त्यांच्या घड्याळाचा मान मोठा आहे. उलट, ज्याच्या घड्याळाचे चित्र शंभर लोकांनी पाहिले, आणि ज्याची वाट त्याच शंभर लोकांनी तासभर पाहिली, त्याने घड्याळ विकत घेतले, परंतु वेळ इतरांची खर्च केली.

'पैसा माझा, घड्याळ माझे. चित्र धाडिले तर दुसऱ्याचे काय गेले?' असा प्रश्न येथे कोणी करील. दुसऱ्याचे पुष्कळ जाऊ शकते, हे आमच्या खेड्यांतील मुलींच्या बापांस विचारावे. हुंड्यास बंदी करणारा कायदा 1961 सालीच झाला. तरी त्यानंतरही किती वर्षे 'सायकल, घड्याळ, रेडिओ' हे तीन शब्द लग्नाच्या बोलणीत एका दमात उच्चारले जात! सायकलीची मोटारसायकल झाली, रेडिओ मागे पडला. घड्याळ मात्र अजून आपल्या जागी आहे. सासऱ्याने दिलेल्या भारी घड्याळाचे चित्र नवरदेव जेव्हा सर्वांस धाडितो, तेव्हा तो आपल्या मते आनंद वाटीत असतो. पण ते चित्र पाहून दुसरा वर म्हणतो, 'मलाही तसेच पाहिजे,' आणि तिसऱ्या घरचा बाप उसाचे पैसे हाती येण्यापूर्वीच सावकाराचा उंबरा चढतो. ते चित्र मग चित्र राहत नाही. तो बाजारभावाचा फलक होतो. धाडणाऱ्याच्या मनात हे नसेल, परंतु मनात नसल्याने त्या बापाचे व्याज कमी होत नाही.

ह्यावरून दुसरी खूण निघते: जे पाहून पाहणारा पूर्वीपेक्षा दरिद्री होतो, ते मिरविणे होय. येथे दारिद्र्य केवळ पैशाचे समजू नये. ज्या मुलास काल आपले साधे घड्याळ प्रिय होते व आज त्याच घड्याळाची लाज वाटू लागली, तेही मूल दरिद्रीच झाले.

तथापि सर्व दोष दाखविणाऱ्याच्या माथी मारणे बरोबर नव्हे. पाहणाऱ्याचेही कर्तव्य आहे. शेजाऱ्याने दहा वर्षे पैसा पैसा जमवून मनाजोगे घड्याळ घेतले, तर त्याच्या आनंदाने आनंदित होता आले पाहिजे. 'एवढ्या पैशांत एक शेळी आली असती,' असे म्हणून त्याच्या सणावर पाणी टाकणे हा शहाणपणा नसून मत्सराने घातलेला शहाणपणाचा अंगरखा होय. तसेच, कोणाची नजर लागेल म्हणून नवी वस्तू लपवून ठेवणे हाही काही सद्गुण नव्हे. लपविणाऱ्याचे मन दाखविणाऱ्याइतकेच त्या वस्तूत गुंतलेले असते.

म्हणून नवे घड्याळ दाखवावे काय, ह्यास आमचे उत्तर 'दाखवावे' असेच आहे. परंतु दाखविण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. हे चित्र ज्याच्या हाती जाईल, त्यास ह्यातून काही ज्ञान, काही आठवण, काही हसू मिळेल काय? ज्याच्याजवळ असे घड्याळ नाही, तो माझ्याजवळ बसला असता तरी मी ते असेच त्याच्या डोळ्यांपुढे धरिले असते काय? आणि हे घड्याळ कोणाच्या कर्जातून माझ्या मनगटावर आले आहे काय? पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचेही होय, आणि तिसऱ्याचे नाही असे आले, तर ते चित्र निःशंकपणे धाडावे. पाहणारेही मनापासून आनंद करितील. तसे न आले, तर चित्र धाडू नये. आणि तिसऱ्याचे उत्तर होय असे आले असेल, तर ते घड्याळ ज्याचे त्यास परत करण्याचाही विचार करावा.

चित्र काढून झाले म्हणजे मात्र एक गोष्ट विसरू नये. दहा-दहावर थांबविलेले काटे पुनः खऱ्या वेळेवर आणावे, किल्ली आत दाबावी, आणि ज्याने आपल्याला आज बोलाविले आहे त्याच्याकडे वेळेवर जावे.