दुकानदाराचा देव आणि दाराशी आलेलं गिऱ्हाईक

श्रावणी सोमवारी मंचरहून निघालेल्या गाड्या घोडेगाव, डिंभे मागे टाकत तळेघरला येतात आणि पुढे भीमाशंकरकडे चढतात. हिरड्याच्या या मुलखात आता यात्रेकरूंना मुक्कामाला खोल्याही मिळतात. देवस्थानाच्या वाटेवरच्या कुठल्याही लॉजच्या काउंटरवर एक जाडजूड रजिस्टर असतं: नाव, गाव, आधार क्रमांक, माणसं किती आणि सोबतच्याशी नातं काय. दोन पुरुष आले तर ‘मित्र’ असं लिहून किल्ली मिळते. लग्न न झालेले तरुण-तरुणी आले की चौकशी सुरू होते. पण त्याच दोन पुरुषांनी ‘आम्ही जोडपं आहोत’ असं सांगितलं आणि मालक म्हणाला, ‘इथं देवाधर्माचं वातावरण आहे, खोली मिळणार नाही’, तर त्यांनी कोणत्या कायद्यावर बोट ठेवायचं?

अमेरिकेत हा वाद केकवरून पेटला. 2012 मध्ये कोलोरॅडोतल्या जॅक फिलिप्स या बेकरीवाल्याने दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करून द्यायला नकार दिला, कारण त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेत ते बसत नव्हतं. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, पण राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माबद्दल आकस दाखवला एवढ्याच मुद्द्यावर. मूळ प्रश्न तसाच राहिला. त्याच देशात 1968 मध्ये दक्षिण कॅरोलायनातला एक खाणावळवाला, वर्णभेद मोडणं आपल्या धर्माविरुद्ध आहे, असं सांगत न्यायालयात उभा होता. कृष्णवर्णीयांना तो आत बसून जेवू देत नव्हता. त्याचा धर्माचा बचाव न्यायालयाने दखल घेण्याजोगाही मानला नाही.

महाराष्ट्राला हा युक्तिवाद नवा नाही. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सरकारी पैशाचे पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, निदान कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी घागरी भरभरून पाणी उपसलं, पंचगव्य घालून तळं ‘शुद्ध’ केलं आणि कोर्टात वहिवाटीचा हक्क सांगितला. त्यांच्या लेखी तो धर्मच होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला तो 1937 मध्ये. एका ओंजळीच्या हक्कासाठी दहा वर्षं कोर्टकचेरी चालली.

या अनुभवातूनच राज्यघटनेचं कलम 15(2) आलं. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, स्नानाचे घाट इथं धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. हे कलम फक्त सरकारला नाही, खासगी दुकानदारालाही बांधतं. 29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, यावर चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की जिथं मालक येईल त्याला सेवा द्यायला बसला आहे ते दुकान. नुसता प्रवेश पुरेसा नाही, सेवाही मिळाली पाहिजे. आणि डॉक्टर-वकिलांचाही त्यात समावेश आहे.

मात्र त्या यादीत लैंगिक कल हे शब्द नाहीत. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. लैंगिक कलावरून केलेला भेदभाव हा लिंगावरूनच केलेला भेदभाव ठरतो, अशी मांडणीही त्या निकालात आहे. ती लॉजच्या काउंटरपर्यंत आणून पोचवणारा कायदा मात्र संसदेने केलेला नाही. तृतीयपंथीयांसाठी 2019 चा कायदा आहे आणि सर्वांसाठी असलेल्या वस्तू व सेवा त्यांना नाकारण्यावर त्यात बंदी आहे. समलिंगी जोडप्याच्या हाती एवढंही नाही.

आणि इथं महाराष्ट्राच्याच एका कायद्याकडे लक्ष जातं. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध विधिमंडळाने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो 2017 मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्काराच्या प्रकारांत व्यवहार तोडणं तर आहेच, पण नैतिकता, राजकीय कल आणि लैंगिकता यांवरून केलेला भेदभावही त्यात नाव घेऊन नोंदवला आहे. हे पाऊल फार मोठं होतं, आणि त्याची चर्चा फार थोडी झाली. अडचण एवढीच की हा कायदा एकाच समाजातल्या माणसांपुरता आहे. भाऊबंदांनी समलिंगी मुलाशी व्यवहार तोडला तर गुन्हा. अनोळखी लॉजवाल्याने त्याला हाकललं तर नाही.

लॉजवाल्याची श्रद्धा खोटी आहे, असं कुणी म्हणू नये. कलम 25 त्याला धर्मस्वातंत्र्य देतं, पण मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींच्या अधीन राहूनच. धर्मस्वातंत्र्याचं पारडं मुंबईच्या एका खटल्यात जडही ठरलं आहे. बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा 1949 चा मुंबई राज्याचा कायदा, दाऊदी बोहरा धर्मप्रमुखांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

पण धर्मपीठाची शिस्त वेगळी आणि खोलीचं भाडं वेगळं. कुणा गुरुजींना मनाविरुद्ध लग्न लावायला भाग पाडू नये, ते त्यांचं धर्मकार्य आहे. मजकुराचा प्रश्नही निराळा. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी ओळ केकवर लिहायला बेलफास्टच्या एका बेकरीने नकार दिला होता. गिऱ्हाईक कुणीही असतं तरी तो मजकूर नाकारला गेला असता, असं म्हणत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बेकरीच्या बाजूने निकाल दिला. तो पटण्यासारखा आहे. खोली, चहा, दाढी, औषधाची बाटली यांत मात्र कसला मजकूर आला? मालकाची पूजा त्याच्या देवघरात अबाधित राहते, कितीही जोडपी मुक्कामाला आली तरी.

सध्या अशा जोडप्यांना वाचवतो तो ‘मित्र’ हा शब्द. भीमाशंकरचं दर्शन घेऊन रात्री उशिरा परतलेल्या दोघांना तळेघरला खोली मिळतेही, पण स्वतःबद्दल खोटं लिहून. 2016 च्या कायद्यातली ‘समाजातील व्यक्ती’ ही चौकट ओलांडून, लोकांसाठी खुल्या असलेल्या प्रत्येक सेवेला तोच नियम लावायचा, एवढी दुरुस्ती महाराष्ट्र विधिमंडळाला मांडता येईल. लैंगिकता हा शब्द तर तिथं आधीच लिहिलेला आहे.