खिडकीतले झाड कोणासाठी?

१९७२ ते १९८१ ह्या काळात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक ह्या संशोधकाने तपासल्या. त्यांतील निम्म्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत असत, तर उरलेल्यांना विटांची भिंत. शस्त्रक्रिया एकच, रुग्णालय एकच. परंतु ज्यांना झाडे दिसत होती ते थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. १९८४ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष रुग्णालयापुरता राहिला नाही. आजारी माणसाला जे झाड बळ देते, ते दिवसभर मेजापाशी बसणाऱ्या माणसाला का देणार नाही, असा प्रश्न कचेऱ्या बांधणाऱ्यांनाही पडू लागला.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर मिशिगन विद्यापीठातील रेचल व स्टीफन कॅप्लन ह्या दांपत्याने १९८९ साली आपल्या ग्रंथात मांडले. आपले लक्ष दोन प्रकारचे असते. हिशेब तपासताना, पत्राचा मसुदा करताना आपण ते निग्रहाने एका ठिकाणी बांधून ठेवतो. हा निग्रह थकतो. मग चुका होतात, चिडचिड होते, निर्णय घेववत नाही. दुसरे लक्ष आपोआप जडते : पानांच्या हालचालीकडे, ढगांकडे, वाहत्या पाण्याकडे. तेथे मनाला श्रम पडत नाहीत आणि तेवढ्या अवधीत थकलेला निग्रह पुन्हा ताजातवाना होतो. ह्याच विद्यापीठात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना वृक्षोद्यानातून आणि शहरातील रहदारीच्या रस्त्यावरून फेरी मारावयास लावली. ऐकलेले अंक उलट्या क्रमाने सांगण्याच्या चाचणीत उद्यानातील फेरीनंतर त्यांची प्रगती अधिक दिसली. विशेष हे, की कडाक्याच्या थंडीत ज्यांना ती फेरी मुळीच सुखाची वाटली नाही, त्यांनाही लाभ झालाच. म्हणजे झाड केवळ मन रमवीत नाही. ते मनाची झीज भरून काढते.

उद्योगजगताने हे ज्ञान लवकर आत्मसात केले. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतील सिॲटल शहरात ॲमेझॉन कंपनीने काचेचे तीन जोडघुमट आपल्या कर्मचाऱ्यांसाठी खुले केले. त्यांत सुमारे ४०,००० रोपे आहेत; त्यांतील अनेक उंच डोंगरांवरील धुक्याच्या अरण्यांतून आलेल्या जातींची. दिवसा तेथील हवा माणसांना सोसेल अशी ठेवतात. रात्री माणसे गेली, की ती झाडांना मानवेल अशी थंड व दमट करतात. तेथे कोणाचे ठरलेले मेज नाही. कर्मचाऱ्यांनी यावे, बसावे, विचार करावा, चर्चा करावी, हा हेतू.

हे पाहून कौतुक वाटते. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही : ही झाडे नेमकी कोणासाठी?

२०१४ साली हॉलंड व इंग्लंडमधील कचेऱ्यांच्या अभ्यासातून असा निष्कर्ष निघाला, की उघड्याबोडक्या कचेरीत झाडे आणल्यास कामाचे प्रमाण १५ टक्क्यांनी वाढू शकते. वार्ता आनंदाची खरी. परंतु उद्या कोणी सिद्ध केले, की झाडांमुळे काम तसूभरही वाढत नाही, माणसे फक्त अधिक समाधानी राहतात, तर त्या कुंड्या जागेवर राहतील काय? ज्याचे उत्तर ‘नाही’ असेल, त्याच्या लेखी झाड हे यंत्रात घालावयाचे वंगण आहे आणि माणूस हे यंत्र. माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, हे कान्टने १७८५ साली निक्षून मांडले. धन्याचा लाभ झाला म्हणून सत्कृत्य दुष्कृत्य ठरत नाही, हे मान्य. दोघांचे हित एकत्र असते तोवर हेतूची परीक्षा होत नाही. दोन्ही हिते वेगळी झाली, की हेतू उघडा पडतो.

ह्या संदर्भात इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅस्लम ह्यांचे २०१० चे प्रयोग मला फार बोलके वाटतात. त्यांनी काहींना रिकाम्या खोलीत काम दिले, काहींना झाडे व चित्रे मांडलेल्या खोलीत. दुसऱ्या गटाचे काम सरस झाले. तिसऱ्या गटाला तीच झाडे, तीच चित्रे स्वतःच्या आवडीने मांडू दिली. त्यांचे काम सर्वांत सरस ठरले. चौथ्या गटालाही मांडू दिले, पण मग प्रयोगकर्त्याने येऊन सर्व मांडणी त्यांच्यादेखत बदलून टाकली. झाडे तीच होती, लाभ मात्र ओसरला. माणसाला हिरवाई हवी असते. तितकेच आपल्याला विचारले जावे, हेही हवे असते. कुंडीतले रोप जेथे ठेवाल तेथे राहते. माणूस कुंडीतले रोप नव्हे.

लॅटिन भाषेत विसाव्याला ‘ओत्सियुम’ म्हणतात आणि व्यवसायाला ‘नेगोत्सियुम’, म्हणजे विसावा नसणे. त्या भाषेने विसावा मूळ धरला आणि व्यवसाय हा त्याचा अभाव मानला. आपण हा क्रम उलटा केला आहे. विसावा आता कामाच्या तयारीपुरता उरला आणि झाडाकडे पाहण्याचा क्षणही उत्पादनाच्या खात्यावर मांडला जाऊ लागला.

प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. घुमटाखाली जे बसतात ते विचार करणारे कर्मचारी. त्याच व्यापाराचे दुसरे टोक गोदामात आहे. तेथे माल उचलणाऱ्या, बांधणाऱ्या हातांना मन नाही काय? २०२१ साली कॅलिफोर्निया राज्याला मोठ्या गोदामांसाठी कायदा करावा लागला, की नेमून दिलेले काम पुरे करण्यापायी कामगाराची जेवणाची, विश्रांतीची वा शौचाची वेळ हिरावली जाऊ नये. एकीकडे चिंतनासाठी अरण्य, दुसरीकडे देहधर्मासाठी कायदा! दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात नेमके ह्यावर बोट ठेवले होते : शहरांतील निगुतीने राखलेली हिरवाई सुरक्षित वस्त्यांच्या वाट्याला येते, समाजाने टाकून दिलेल्यांच्या नव्हे.

जर्मनीने २०१६ साली कामाच्या जागांच्या नियमावलीत, काही अपवाद वगळता, कामगाराला बाहेरचे दिसले पाहिजे अशी तरतूद केली. मला हे पाऊल त्या घुमटांहून मोठे वाटते. घुमट ही देणगी आहे आणि देणगी परत घेता येते. खिडकी हा हक्क झाला, की ती कोणाच्या कार्यक्षमतेवर अवलंबून राहत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात त्यांनी एवढे तरी करावे : खिडकीजवळची जागा कोणाला दिली आहे, हे एकदा पाहावे. बहुधा तेथे आपणच बसलेलो असतो.