भाल्याचा हात

मार्च २००८. मुंबईत एका स्पर्धेची अंतिम फेरी होती. तिथं धावा काढायच्या नव्हत्या, गडी बाद करायचे नव्हते. साधारण साडेअठरा मीटरवरच्या लक्ष्याकडे चेंडू फेकायचा, अंगात असेल तेवढ्या जोरानं, आणि बाजूची स्पीड गन काय दाखवते ते पाहायचं. देशभरातल्या ३७ हजारांहून अधिक मुलांनी या चाचणीत नशीब अजमावलं होतं. पहिला आला रिंकू सिंग. उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला, ट्रकचालकाचा मुलगा, वय १९. त्याचा चेंडू ताशी ८७ मैलांचा, म्हणजे १४० किलोमीटरचा. दुसरा दिनेश पटेल, वाराणसीकडचा. त्याचा वेग ९० मैलांपर्यंत गेला होता, पण नेम कमी पडला. स्पर्धेचं नाव होतं ‘मिलियन डॉलर आर्म’, म्हणजे दहा लाख डॉलरचा हात. विजेत्याला मिळाले एक लाख.

स्पर्धा भरवणारा जे. बी. बर्नस्टीन हा अमेरिकेतला खेळाडूंचा एजंट. बॅरी बाँड्स, एमिट स्मिथ, बॅरी सँडर्स अशा नामवंतांच्या जाहिरातींचे आणि करारांचे व्यवहार त्यानं पाहिले होते. एजंट खेळाडू घडवत नाही. घडलेल्या खेळाडूला बाजारात त्याची किंमत मिळवून देतो आणि त्या किमतीतला टक्का घेतो. मात्र त्यासाठी आधी खेळाडू हाताशी लागतो, आणि अमेरिकेत चांगल्या हातांवर दहा जणांची नजर असते. भारतात कोणाचीच नव्हती.

या शोधामागं एक मोठा हिशेबही होता. २००२ साली ह्यूस्टन रॉकेट्सनं याओ मिंगला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि अमेरिकन बास्केटबॉलला चीनमधला प्रचंड प्रेक्षकवर्ग मिळाला. बेसबॉलला भारतातून असा एक माणूस मिळाला तर? या हिशेबाची सुरुवात मुलापासून होत नाही, गिऱ्हाइकापासून होते. मुलगा नंतर शोधायचा असतो. यात कुणी फसवणूक केली असं मी म्हणत नाही. बर्नस्टीननं दोघांना लॉस एंजेलिसला नेलं, काही काळ स्वतःच्या घरी ठेवलं, प्रशिक्षणाची उत्तम सोय केली. पण माणूस कशासाठी शोधला जातो यावर त्याच्यातलं काय पाहिलं जातं हे ठरतं. स्पीड गनला हात दिसतो.

तो हात आला कुठून? क्रिकेटवेड्या देशात चेंडू फेकण्याची स्पर्धा घ्यावी आणि पहिले दोघंही भालाफेकपटू निघावेत, याचं अनेकांना नवल वाटलं. शरीराच्या बाजूनं पाहिलं तर त्यात नवल नाही. गोलंदाजाला चेंडू सोडताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करण्याची मुभा नाही. त्याचा वेग येतो धावण्यातून, उडीतून, खांद्याच्या चक्रातून. बेसबॉलच्या पिचरचा हात मात्र कोपरात वाकतो आणि गोफणीसारखा सुटतो. भालाफेकपटूचं तंत्र याच्या कितीतरी जवळचं. कंबर आधी वळते, खांदा मागे राहतो, पुढचा पाय ताठ रोवला जातो आणि सगळ्या शरीराचा जोर शेवटी कोपरातून बाहेर पडतो. ८०० ग्रॅमचा भाला वर्षानुवर्षं फेकलेल्या हाताला १४५ ग्रॅमचा चेंडू मिळाला, एवढंच.

आणि हा हात घडला लखनौच्या गुरु गोविंद सिंग स्पोर्ट्स कॉलेजात. सरकारी खर्चानं चालणारं निवासी विद्यालय. तिथल्या कोणा प्रशिक्षकानं या पोरांचा खांदा हेरला, पहाटे मैदानावर उतरवलं, पायाची ठेवण दुरुस्त केली. ही गोष्ट पुढं जगभर सांगितली गेली तेव्हा तिचं सूत्र झालं ‘शोध’. खेड्यातली दोन अनघड पोरं एका माणसाला सापडली, असं. मला हा शब्द खुपतो. ही पोरं कुठं हरवलेली नव्हती. रिंकू राष्ट्रीय कनिष्ठ पातळीवर पदक मिळवलेला खेळाडू होता. त्याला वर आणणारी माणसं आणि संस्था होती. जगाच्या बाजाराला त्यांचा पत्ता नव्हता, एवढंच खरं.

फेकणं आणि पिचिंग यांच्यामधलं अंतर फार मोठं आहे, आणि मला या मुलांबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथं. अमेरिकन पोरगा सहा-सात वर्षांचा असताना हातमोजा चढवतो. या दोघांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉम हाउसकडे शून्यापासून सुरुवात केली. (हाउस म्हणजे १९७४ साली हँक आरनचा विक्रमी ७१५वा होमरन बुलपेनमध्ये झेलणारा पिचर, पुढं पिचिंगचं शरीरशास्त्र मांडणारा गुरू.) नियम शिकायचे, मोज्यात चेंडू झेलायचा, उंचवट्यावर एका पायावर तोल सांभाळायचा, वेग न बदलता चेंडूची जागा बदलायची, आणि हे सगळं इंग्रजी शिकता शिकता. नोव्हेंबर २००८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथं त्यांनी स्काउटसमोर चेंडू टाकले आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला पिट्सबर्ग पायरेट्स या संघानं दोघांशी करार केला. बेसबॉल पहिल्यांदा हाती घेतल्यापासून दोन वर्षंही झाली नव्हती.

डिस्नेचा २०१४ सालचा चित्रपट जवळजवळ इथंच संपतो. त्याचा नायक एजंट आहे. जॉन हॅमनं त्याचं काम केलंय आणि कथेत बदलतो तोही एजंटच. करार झाला, एजंटाचं काम फत्ते झालं, कथा पुरी झाली. खेळाडूचं काम त्या दिवशी सुरू होतं.

ते कसं असतं? मायनर लीग ही अनेक पायऱ्यांची शिडी. लांबच लांब बसप्रवास, परक्यांच्या घरात मुक्काम, आणि त्या काळी हंगामातल्या महिन्यांपुरतं तुटपुंजं वेतन. या खेळाडूंना पहिला सामूहिक करार २०२३ साली मिळाला. वरच्या पायरीवर, म्हणजे मेजर लीगमध्ये, पोचतात फार थोडे. जुलै २००९ मध्ये रिंकू आणि दिनेश या शिडीवरच्या गल्फ कोस्ट लीगमध्ये उतरले. दिनेशला डिसेंबर २०१० मध्ये करारमुक्त केलं गेलं आणि तो मायदेशी परतला. वय २१. रिंकू टिकला. ऑस्ट्रेलियातल्या लीगमध्ये खेळला, २०१२ चा हंगाम वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघाकडून आणि तोही चांगला खेळला. हे यश स्पर्धेनं दिलेलं नव्हतं. ते त्यानं दिवसागणिक कमावलं होतं. मग कोपर गेलं. टॉमी जॉन शस्त्रक्रियेत कोपराच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलीच दुसरीकडची कंडरा हाडात भोकं पाडून ओवतात, आणि पुन्हा चेंडू टाकायला वर्षभराहून अधिक काळ लागतो. २०१३, २०१४, २०१५ हे हंगाम दुखापतींनी खाल्ले. म्हणजे चित्रपटगृहात त्याच्या हाताची गाथा चालू होती तेव्हा तो हात खेळत नव्हता.

२०१८ मध्ये रिंकू डब्ल्यूडब्ल्यूईच्या व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात दाखल झाला. पंजाबच्या बास्केटबॉलपटू सतनाम सिंग भामराची वाटही काहीशी अशीच गेली. परदेशी क्रीडा अकादमीची शिष्यवृत्ती, २०१५ साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडून ५२व्या क्रमांकावर निवड, असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय, आणि काही वर्षांनी व्यावसायिक कुस्ती. दोघांनी आपला मार्ग आपण निवडला आणि त्यांच्या पोटापाण्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या बाजारानं त्यांना ‘भारतातला पहिला’ म्हणून उचललं, त्याला पहिल्यानंतरचा दुसरा, तिसरा, दहावा नको होता.

डॉमिनिकन प्रजासत्ताकातही मुलं अशीच हेरली जातात. तिथं गल्लोगल्ली ‘बुस्कोन’ असतात. ते बारा-तेरा वर्षांच्या पोरांना सांभाळतात, शिकवतात आणि सोळाव्या वर्षी करार झाला की बोनसमधला मोठा वाटा घेतात. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमाची आणि उचलीची आठवण व्हावी असा व्यवहार. पिळवणूक आहे, वयाचे खोटे दाखले आहेत, शाळा सुटलेली हजारो मुलं आहेत. तरी तिथं प्रत्येक मेजर लीग संघाची कायमची अकादमी आहे, गल्लीत खेळ आहे, आधी गेलेल्यांचे अनुभव आहेत. मेजर लीगमधल्या दर दहा खेळाडूंत साधारण एक त्या छोट्या देशातला असतो. भदोहीतून निघालेल्या मुलाच्या पुढं चाललेला कुणी नव्हता, आणि मागून येणाऱ्यांसाठी रस्ता बांधण्याचा खर्च कुणाच्याच हिशेबात नव्हता.

मला राहून राहून त्या भाल्याचं वाटतं. २००८ मध्ये भालाफेकपटूला या देशात पुढं काय दिसत होतं? सैन्यात किंवा रेल्वेत नोकरी, नशीब असेल तर. एक लाख डॉलर दाखवणाऱ्या परक्या माणसामागं १९ वर्षांच्या पोरानं न जाण्याचं कारण काय होतं? पुढं परदेशी प्रशिक्षक आले, सरकारी योजनांतून पैसा आला, शास्त्र आलं. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत हरियाणातल्या एका शेतकरी कुटुंबातल्या नीरज चोप्रानं ८७.५८ मीटर भाला फेकला आणि ऑलिम्पिकचं सुवर्ण घेतलं. दुसऱ्या दिवशी रिंकू सिंग तेहेतीस वर्षांचा झाला.