वारुळावरच्या छत्र्या

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावामागं डोंगराची उतरण आहे. जंगल म्हणावं असं तिथं काही नाही. पळस, धावडा, मधूनच सागाची खुरटी झाडं आणि बाकी मुरमाड गायरान. परभणी जिल्हा म्हटलं की लोकांना काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि गोदाकाठ आठवतो. हा उंचसखल तुकडा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या गायरानात एका पळसाच्या बुडाशी कमरेएवढं वारूळ होतं. चांगला पाऊस होऊन गेला, चार दिवस झड लागली, मग ऊन पडून अंगाची काहिली व्हायला लागली की वारुळाभोवती एका रात्रीत छत्र्या वर यायच्या. पुस्तकात त्यांना अळंबी म्हणतात. आम्ही नुसतं छत्र्याच म्हणायचो. उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री वेगळी. तिला हात लावला तरी आजी हातावर चापट मारायची.

आजी दिवस उगवायच्या आत एकटीच जायची. आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर मला सोबत नेऊ लागली, तेही ओढ्यानं वळसा घालून. टोपीच्या मधोमध टोक आहे का, देठ खाली जमिनीत हातभर गेलाय का, हे पाहून मगच ती हलक्या हातानं उपटायची. उमलून पसरलेल्या चार-पाच तशाच ठेवायची. खणायची कधीच नाही. "खाली त्यांचं घर हाय," म्हणायची.

घरी आलं की लसूण, येसर आणि शेंगदाण्याचं कूट घालून भाजी व्हायची आणि वाटी शेजारीही जायची. शेजारची मावशी विचारायची, "कुठं गावल्या हो?" त्यावर आजी तोंड भरून हसायची आणि म्हणायची, "औंदा पाणी लई झालं बाई." झालं, एवढंच उत्तर. जिच्या दारातून पीठ मागायला आलेलं कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही, ती बाई इथं सरळ थाप मारत होती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "भाजी मागावी, जागा मागू नये."

मला हे पटलं नाही. पुढं पटलं, आणि पुन्हा पटेनासं झालं. ते का, ते सांगतो.

माझ्या वर्गात एक मित्र होता. त्याच्या घरी वावर नव्हतं. आईबाप दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे. आमचं आठ एकर होतं. एका पावसाळ्यात त्यानं मला गळ घातली आणि मी शपथ घेऊन त्याला जागा दाखवली. पुढच्या साली आम्ही गेलो तर वारूळ कुदळीनं फोडलेलं. वर एवढ्या आहेत तर खाली किती असतील, असं कुणाला तरी वाटलं असणार. मित्रानं कुणाला सांगितलं, मी विचारलं नाही. आतले करड्या रंगाचे, स्पंजासारखे गोळे उन्हात वाळून पडले होते. त्या जागी पुन्हा छत्र्या आल्या नाहीत. आजी मला काहीच बोलली नाही. त्याचंच जास्त लागलं.

ते गोळे म्हणजे काय, हे फार पुढं वाचनातून कळलं. ती उधईची शेती. आपण वाळवी म्हणतो ती उधई. ती पालापाचोळा, वाळकं लाकूड चावून आत आणते, त्याचे गोळे रचते आणि त्यांवर बुरशी वाढवते. लाकडातलं जे तिला एकटीला पचत नाही ते बुरशी फोडून देते आणि उधई त्यावर जगते. कोट्यवधी वर्षं हे चाललंय. पावसाळ्यात ती बुरशी खालच्या गोळ्यांपासून देठ काढत जमीन फोडून वर येते, ती आपली छत्री. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ साली या वंशाला टर्मिटोमायसीस असं नाव दिलं. त्यात उधईचं नाव आहेच. धिंगरी अळंबी आज कुणीही भुसकटाच्या पिशवीत घेतं, पण ही छत्री तशी पिकवणं माणसाला साधलेलं नाही. उधई नाही तर छत्री नाही. आणि आमच्याकडं तर उधई दिसली की क्लोरपायरीफॉसची बाटली काढतात. नागपंचमीला वारुळाला दूध-लाह्या, दुसऱ्या दिवशी औषध. मीही ओतलंय, खोटं कशाला बोलू.

आता आजीचं वाक्य घेऊन बसतो तेव्हा एक फरक ध्यानात येतो. धिंगरीची रीत दहा जणांना सांगितली तर दहा घरी पिशव्या टांगल्या जातील, माझ्या पिशवीतलं काही कमी होणार नाही. जागा सांगितली तर जागाच संपते. म्हणून आजी थाप मारत होती तरी खोटी नव्हती, असं मला बरीच वर्षं वाटत आलं. गोव्यात याच छत्र्यांना रोयण अळमी म्हणतात. त्या तिथं नगावर, चढ्या भावानं विकल्या जातात आणि अभयारण्यातल्या काढू नका म्हणून वनखात्याला बजावावं लागतं. गाठीला पैसा दिसला की वारुळाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पण मग मित्राचं घर आठवतं. गायरान आमच्या सातबाऱ्यावर नव्हतं. वारूळ उधईचं, जमीन गावाची, छत्र्या कुणीच न पेरलेल्या. मग जागा लपवायचा हक्क आठ एकरवाल्यालाच कुठून आला? आम्हाला ती भाजी वर्षातून एकदाची चैन होती. त्यांच्याकडं श्रावणात कधी कोरड्यासाला काही नसायचं. त्यांच्या दारी आम्ही वाटी पाठवायचो, म्हणजे त्यांच्याच गावच्या गायरानातलं त्यांनाच दान करायचो. कुदळ कुणी मारली ते मला माहीत नाही, आणि मारणाऱ्याला तोडून बोलायची माझी जीभही रेटत नाही. आजीनं त्याच्या आईला एकदा सोबत नेलं असतं, कसं उपटायचं ते दाखवलं असतं, चार ठेवायच्या असतात हे सांगितलं असतं, तर? वारूळ वाचलंच असतं असंही म्हणवत नाही.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो होतो. तो मित्र सकाळीच आला, पळसाच्या पानांत बांधलेलं पुडकं हातात. उघडलं तर छत्र्या. टोपीला टोक, देठाला ओली माती. मी न राहवून विचारलं, "कुठं गावल्या रे?"

तो ओट्यावर टेकला, पायाचा चिखल काठीनं खरवडत राहिला.

"औंदा पाणी लई झालं," म्हणाला.