राजाचें पत्र आणि आसाफाचें लाकूड

(शास्त्रभाग : नहेम्या, अध्याय २ व ३)

नहेम्या यरुशलेमेची भिंत बांधावयास निघाला तेव्हां त्यानें राजाजवळ काय मागितलें, हें प्रिय वाचकांनीं दुसऱ्या अध्यायांत पुन्हा एकदां पाहावें. नुसती जाण्याची परवानगी घेऊन तो निघाला नाहीं. वाटेंतील सुभेदारांस पत्रें असावींत, आणि राजाच्या वनाचा रक्षक जो आसाफ त्याच्या नांवेंही एक पत्र असावें, म्हणजे वेशींच्या तुळयांस लाकूड मिळेल, अशी त्याची विनंती होती. आम्हांस हा माणूस फार आवडतो. कित्येक महिने त्यानें उपास व प्रार्थना केली. तथापि राजासमोर उभा राहिला तेव्हां लाकूड कोणाच्या रानांतून यावयाचें, हेंही त्यास पक्कें ठाऊक होतें.

मुलांच्या शिक्षणाविषयीं राज्यकर्ते जे कायदे करितात ते अशा राजपत्रांसारखेच होत. जगांतील पुष्कळ देशांनीं अशीं पत्रें लिहिलीं. कांहींत आसाफाचें नांव होतें, कांहींत नव्हतें; आणि शाळा उभी राहिली कीं नाहीं, राहिली तर कोणाच्या मुलासाठीं राहिली, हें बहुधा तेवढ्यावरून ठरलें. आज आम्ही विशेषेंकरून स्कॉटलंडचा इतिहास सांगतों. मुंबईस व पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळा निघाल्या त्यांचें मूळ तेथलें, आणि जोतीराव फुले १८४१ पासून पुण्यास ज्या शाळेंत शिकले ती त्याच मिशनची. म्हणून तो देश आपणांस अगदींच परका नव्हे.

तेथें १५६० सालीं धर्मसुधारणा झाली, आणि लागलीच जॉन नॉक्स व त्याचे पांच सोबती ह्यांनीं मंडळीच्या व्यवस्थेचा एक मसुदा तयार केला. प्रत्येक मंडळीस एक शिक्षक असावा, आणि गरिबाचा मुलगा हुशार निघाला तर त्याचा खर्च मंडळीनें सोसावा, असें त्यांत होतें. पैसा कोठून आणावयाचा हेंही त्यांनीं सांगितलें होतें : जुन्या चर्चच्या जमिनींच्या उत्पन्नांतून. परंतु त्या जमिनींचा मोठा वांटा सरदारांच्या हातीं गेला होता. सुधारणेस त्यांचा पाठिंबा होता, उपदेशही ते ऐकत. जमिनीची गोष्ट निघाली कीं मात्र त्यांचें मन वळेना. मसुद्यास राजमान्यता मिळाली नाहीं. पुढें १६१६ मध्यें राजाच्या प्रिव्ही कौन्सिलनें हुकूम काढला, कीं प्रत्येक पॅरिशमध्यें, म्हणजे एका पाळकाच्या स्वाधीन असलेल्या टापूंत, साधन असेल तेथें शाळा असावी. साधन असेल तेथें! ज्यास द्यावयाचें नव्हतें त्यास ह्या तीन शब्दांत पळवाट सांपडली.

ती पळवाट १६९६ च्या कायद्यानें बुजविली. पॅरिशमधील जमीनदारांनीं शाळेसाठीं सोयीचें घर द्यावें, आणि शिक्षकास वर्षास १०० मर्कांहून कमी नाहीं व २०० मर्कांहून अधिक नाहीं इतका पगार द्यावा, असें त्यांत स्पष्ट लिहिलें. त्याचा अर्धा भार कुळांवर टाकण्याची त्यांस मुभा होती. आणि जमीनदारांनीं टाळाटाळ केली तर? तर पाळक व वडील ह्यांच्या सभेनें, जिला प्रेसबिटरी म्हणतात तिनें, परगण्याचा जमीनकर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जावें. त्यांनीं शाळा स्थापावी व खर्च जमीनदारांवर बसवावा. वाचकहो, पत्रांत आसाफाचें नांव लिहिणें म्हणतात तें हें.

फळ एका दिवसांत आलें नाहीं. परंतु पुढील शंभर वर्षांत दक्षिणेकडील सखल भागांत बहुतेक प्रत्येक पॅरिशमध्यें शाळा झाली, आणि नांगऱ्याचा मुलगा व पाळकाचा मुलगा एका बांकावर बसूं लागले. फी होतीच. पण ज्या घरीं ती देण्याची ऐपत नसे त्या घरच्या मुलांची फी मंडळीचे वडील गरिबांच्या निधींतून भरीत.

तथापि ह्या कायद्याची स्तुति करून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पगाराचा आंकडा कायद्यांत घातला, आणि तो १०७ वर्षें तसाच राहिला. धान्य महागलें, मजुरी वाढली. शिक्षकाचे २०० मर्क, म्हणजे इंग्रजी पैशांत सुमारें ११ पौंड, ते मात्र वाढले नाहींत. तो मंडळीचा चिटणीस होई, उपासनेंत गीतें धरी, तेव्हां कोठें त्याची चूल पेटे. १८०३ मध्यें नवा कायदा होऊन पगार ३०० ते ४०० मर्क झाला आणि शिक्षकास राहावयास घर द्यावें असें ठरलें. तें घरही कसलें? स्वयंपाकघर धरून दोन खोल्या. त्याहून अधिक देण्यास जमीनदार बांधलेले नव्हते. एवढ्यावरही त्यांपैकीं कित्येक चिडले.

याहून मोठी चूक अंतराची. कायद्यानें पॅरिश मोजल्या, मुलांचे पाय मोजले नाहींत. उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांत एकेक पॅरिश कित्येक मैल पसरलेली. मध्यें नद्या, खाड्या, हिवाळ्यांत बर्फ. तेथें एक शाळा उघडली कीं कायदा पाळला गेला, आणि दूरचीं मुलें घरींच राहिलीं. शिवाय त्या लोकांची भाषा गेलिक. त्यांच्यासाठीं १७०९ मध्यें ख्रिस्ती ज्ञानाच्या प्रसारार्थ एक संस्था निघाली. तिनें पुष्कळ शाळा काढल्या, परंतु वाचन इंग्रजींतच शिकवावें असा नियम केला. मुलें अक्षरें जुळवून मोठ्यानें वाचीत, आणि वाचलेल्याचा अर्थ त्यांस कळत नसे. ही चूक राजाची नव्हे. आमच्यासारख्या धर्मकार्य करणाऱ्यांची होती, म्हणून ती आम्ही येथें मुद्दाम लिहितों. त्याच संस्थेनें गेलिक भाषेंतील नवा करार छापविला तो १७६७ मध्यें, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनीं. तितक्या काळांत दोन पिढ्या होऊन जातात.

पांच ते तेरा वर्षांच्या सर्व मुलांस शिक्षण सक्तीचें झालें तें १८७२ च्या कायद्यानें. त्या वेळीं प्रत्येक पॅरिशमध्यें लोकांनीं निवडलेलें शाळामंडळ आलें व शाळेसाठीं स्थानिक कर बसला.

इतर देशांचेंही थोडें सांगतों. डेन्मार्कच्या राजानें १७३९ मध्यें नॉर्वेच्या खेड्यापाड्यांत शाळा असाव्यात असा हुकूम काढला. राजा भक्तिमान होता, हेतु उत्तम होता; परंतु खर्च शेतकऱ्यांवर पडणार होता. त्यांनीं गाऱ्हाणें केलें, आणि दोनच वर्षांत, १७४१ मध्यें, तो विषय ज्या त्या टापूवर सोंपवावा लागला. मग शिक्षकच शेतावरून शेतावर फिरूं लागला. आज ह्या घरच्या चुलीपाशीं शाळा, कांहीं दिवसांनीं पलीकडच्या घरीं. तरीही वाचन शिकलें गेलें, कारण १७३६ पासून तेथें दृढीकरण सक्तीचें होतें, आणि धर्मशिक्षण घेतल्यावांचून दृढीकरण होत नसे. जपानांत १८७२ मध्यें सरकारनें साऱ्या देशासाठीं शाळांची योजना केली, पण फी व बराच खर्च गांवकऱ्यांवर टाकला. पुढच्याच वर्षीं कांहीं प्रांतांत इतर गाऱ्हाण्यांबरोबर हेंही गाऱ्हाणें पेटलें आणि शेतकऱ्यांनीं शाळा जाळल्या. तेथील सक्तीच्या प्राथमिक शाळांची फी १९०० मध्यें बंद झाली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं जें निवेदन केलें त्यांत त्यांनीं हाच प्रश्न धरला. सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि शिक्षणावरील पैसा वरिष्ठ वर्गांच्या मुलांवर खर्च होतो. तेव्हां निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, असें त्यांनीं मागितलें. लाकूड कोणाच्या रानांतलें व भिंत कोणाच्या घरापुढें, हें इतक्या उघडपणें तोंवर फार थोड्यांनीं विचारलें होतें. पुढें १९११ मध्यें नामदार गोखल्यांनीं कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. खर्चाचे दोन भाग सरकारनें व एक भाग स्थानिक संस्थेनें सोसावा, अशी त्यांची योजना होती. १९१२ मध्यें १३ मतें त्यांच्या बाजूस व ३८ विरुद्ध पडून बिल नापास झालें. त्या वेळीं बडोद्यांत सयाजीराव महाराजांनीं सक्तीचें शिक्षण सुरूही केलें होतें, आणि १९१७ मध्यें कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं तें मोफत व सक्तीचें केलें.

सर्व देशासाठीं कायदा झाला तो २००९ मध्यें, आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा मोफत शिक्षणाचा हक्क त्यांत मान्य झाला. पहिली ते पांचवीची शाळा एका किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी, असे नियम महाराष्ट्रांत झाले. म्हणजे ह्या खेपेस मुलांचे पाय मोजले गेले. असें असतां २०२३ मध्यें आपल्या राज्यांत वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागीं समूह शाळा कराव्यात असा विचार निघाला. मोठ्या शाळेंत शिक्षक अधिक, सोबती अधिक, हें आम्हांस कबूल आहे. परंतु वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलीस ती शाळा किती लांब, हा हिशेब कागदावर कोण मांडणार? डोंगराळ स्कॉटलंडांत तो कोणी मांडला नव्हता.

ह्याच कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे चारांतील तीन सभासद पालक असावयाचे आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. स्कॉटलंडांतील जमीनदारांच्या जागीं येथें आपण बसलों आहों. पण आम्ही खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून फिरतों तेव्हां काय पाहतों? नांव वहींत असतें, सही घरीं आणून घेतलेली असते, आणि सभेस कोणी गेलेलें नसतें. शाळा सरकारची, तीं पाहून घेईल, असें आपलेच लोक म्हणतात. आणि रोजंदारी बुडवून सभेस जाणें सोपें नाहीं, हेंही खरें आहे.

नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायांत नुसतीं नांवें आहेत म्हणून पुष्कळ जण तो गाळून पुढें जातात. तसें करूं नये. तेथें तकोवाच्या लोकांनीं आपला भाग बांधला, पण त्यांच्या सरदारांनीं मान लवविली नाहीं, असें लिहिलें आहे. आणि पुढें त्याच लोकांनीं आणखी एक भाग बांधल्याचें लिहिलें आहे. हल्लोहेशाचा पुत्र शल्लूम भिंतीवर होता, आणि त्याच्या मुलीही त्याच्याबरोबर होत्या. कित्येकांनीं तर आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला.

पुढील रविवारीं उपासना आटोपल्यावर वडिलांनीं मंडळीस विचारावें : आपल्यापैकीं शाळेच्या समितीवर कोण आहे? मागची सभा कोणत्या महिन्यांत झाली, आणि तींत काय ठरलें? पावसाळ्यांत वाडीवरच्या लहान मुलांस ओढा कोण उतरून देतें?