अन्नवस्त्रापुरता माणूस

चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेले भाविक देवळ्यावरून पुढे जातात, आणि त्यांच्या मेळ्यात घरच्यांनी हाताला धरून चालविलेला एखादा डोके फिरलेला माणूस दिसला, तर कोणाला नवल वाटत नाही. इंग्रजी अमदानीत अशा माणसासाठी दुसरी वाट निघाली. बेवारस भटकणाऱ्या वेड्याला पोलिसाने धरावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि डॉक्टरी दाखला जोडून हुकूम होताच त्याची रवानगी ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या इस्पितळात करावी, हा १९१२ च्या कायद्याचा शिरस्ता होता. चोराला निदान आपल्या शिक्षेची मुदत ठाऊक असते!

परक्या सरकारवर सारा दोष ढकलून मोकळे होता येत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात उन्मत्त आणि जड यांना दायभाग नाकारलेला आहे, आणि लगेच पुढे, त्यांना यथाशक्ति अन्नवस्त्र न देणारा पतित होतो, अशी ताकीदही आहे. पोषण द्यावे, अधिकार देऊ नये, ही ती व्यवस्था. १९२८ च्या वारसाविषयक कायद्यानेही जन्मजात वेड्याची अपात्रता कायम ठेवली आणि ती १९५६ साली दूर झाली.

परंतु ज्या अद्वैत दर्शनाने बुद्धीलाही दृश्यात जमा केले आणि आत्म्याला तिचा केवळ साक्षी मानले, त्या दर्शनाच्या अनुयायांनी बुद्धी ढळताच माणसाचा अधिकार का काढून घ्यावा? व्यवहार निराळा, परमार्थ निराळा, हे उत्तर मला फार सोयीचे वाटते. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना गावकरी वेडे म्हणत, आणि महानुभावांनी त्यांनाच परमेश्वराचा अवतार मानले. पण त्या पूज्यभावाचा लाभ गावोगावच्या इतर वेड्यांना झाला नाही, कारण देवत्वाची खात्री पटल्यावरच वेड क्षम्य ठरत होते.

१९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, आणि मासिक पाळीतील अस्वच्छता हे कारण सांगण्यात आले. अन्न, वस्त्र, निवारा यांची सोय सरकारने केलेली होती. त्या मुलींची इच्छा मात्र हिशेबात धरण्याजोगी ठरली नाही. २०१७ च्या कायद्याने, आपण आजारी पडल्यास कोणते उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे, पण ज्याला कधीच लिहिता येणार नाही त्याचा होकार कशावरून ओळखावा, हे अद्वैत सांगणाऱ्यांनीच आता सांगावे.